भरतीच्या पातळीखालचं शेत

फोंडा तालुक्यात दुर्भाटच्या बाजूला झुआरीच्या काठावर एक मातीचा बांध आहे. ओहोटीला त्याच्यावर उभं राहिलं की नदीकडे उघडा पडलेला काळा चिखल दिसतो, त्यात कांदळाची मुळं, आणि पाठीमागे भाताचं शेत. सहा तासांनी परत यायचं. नदी तोवर एवढी चढलेली असते की तिचं पाणी शेताच्या वर आलेलं असतं. मधे आहे तो फक्त बांध, माणूसभर उंचीचा, चिखलाचा.

अशा शेताला गोव्यात खाजन म्हणतात. गोव्याच्या ३,७०२ चौरस किलोमीटरपैकी सुमारे १८,००० हेक्टर जमीन खाजनाची. मांडवी, झुआरी, साळ, शापोरा या नद्यांच्या खाड्यांलगतची ही जमीन कधीकाळी कांदळवनाची दलदल होती. लोकांनी ती बांध घालून सोडवली. किती जुनी गोष्ट? बांदोड्याला सापडलेल्या, सहाव्या शतकाच्या आसपासच्या ताम्रपटात अनिर्जितवर्मा या कोकणच्या मौर्य राजाने दिलेल्या दानात ‘खज्जन’ जमिनीचा उल्लेख आहे. म्हणजे शब्द आणि वस्तू दोन्ही किमान चौदाशे वर्षांची.

त्या बांधावर मला एक म्हातारे शेतकरी भेटले होते. हातात ओल्या चिखलाचा गोळा. चार पावलं टाकायची, वाकायचं, बांधाच्या कुशीत हात घालून चाचपायचं, गोळा दाबायचा आणि पायाने घट्ट करायचा. कुर्ल्यांनी, म्हणजे खेकड्यांनी केलेले बुराक, म्हणजे बिळं, ते बुजवत होते. नुकतीच अमावास्येची भरती होऊन गेली होती आणि अशा उधाणानंतर बांधावर फेरी मारायचीच, असा त्यांच्या घरात वडिलांपासूनचा रिवाज. अंगठ्याएवढ्या बिळासाठी एवढी यातायात कशाला, असं मला तेव्हा वाटलं होतं.

त्याचं उत्तर पदार्थविज्ञानात आहे. भरतीला नदीचं पाणी आणि शेत यांच्यात एक मीटरचा फरक पडला, तर बांधाच्या तळाशी दर चौरस मीटरला सुमारे एक टन दाब येतो. बांध घट्ट असेल तर तो हे सहज सोसतो. पण आरपार बीळ असेल, तर घर्षण सोडून हिशेब केला तर पाणी त्यातून सेकंदाला चार मीटरहून जास्त वेगाने धावू शकतं. धावणारं पाणी मातीचे कण सोबत नेतं, त्यामुळे बीळ रुंदावतं, रुंद बिळातून आणखी पाणी जातं आणि आणखी माती सुटते. धरणांचे अभियंते या आतल्या धुपेला फार घाबरतात, कारण ती वरून दिसत नाही. बांध वरून शाबूत आणि आतून पोकळ, आणि एका रात्री खांड पडते. मग शेतात खारं पाणी भरतं आणि मातीतलं मीठ धुऊन जायला काही पावसाळे जावे लागतात.

ते आजोबा चिखलाच्या गोळ्याने ही साखळी पहिल्याच कडीला तोडत होते.

बांध भिंतीचं काम करतो, तर दाराचं काम करतो मानस. मानस म्हणजे बांधात बसवलेलं, जांभ्या दगडाच्या बांधणीतलं, लाकडी झडपांचं दार. भरती आली की बाहेरच्या पाण्याचा दाब झडपा आपोआप मिटवतो. ओहोटीला बाहेरचं पाणी उतरलं की आतलं पाणी झडपा ढकलून नदीत जातं. आपल्याकडे दर २४ तास ५० मिनिटांत दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. हे दार त्या प्रत्येकीला उत्तर देतं, वीज नाही, पंप नाही, पहारेकरी नाही. पावसात तेच दार शेतातलं जादा पाणी बाहेर काढतं. मानसाच्या आतल्या बाजूला पाण्याला पसरायला जागा ठेवलेली असते, तिला पोंय म्हणतात. तिथे आत शिरलेल्या पाण्याचा जोर मोडतो, आणि तिच्यापासून शेताला वेगळं ठेवायला आतून आणखी एक छोटा बांध असतो.

बांधाच्या बाहेरचं कांदळवन हाही याच रचनेचा भाग आहे. लाटांचा मार ते स्वतःच्या मुळांवर घेतं आणि गाळ धरून ठेवतं. कांदळ मीठ मुळाशीच बरंचसं अडवतो, तिवर हे त्याच वनातलं दुसरं झाड ते आत घेऊन पानांवरून बाहेर टाकतं. उन्हात तिवराचं पान चाटून पाहा, खारट लागेल. जुने शेतकरी बांधासमोरची झाडं तोडू देत नसत, हे मला त्यांच्या शहाणपणाचं सगळ्यात मोठं लक्षण वाटतं.

आणि आतलं भात? ज्या भाताला मीठ अजिबात चालत नाही ते इथे जगत नाही. इथे लागतो कोरगुट, आसगो अशा जुन्या जातींचा भात. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. सुरुवातीचा पाऊस मातीतलं मीठ धुतो, मग पेरणी होते आणि सरदाचं म्हणजे पावसाळी पीक ऑक्टोबरपर्यंत हाती येतं. तरी पाऊस खंडला की केशाकर्षणाने मीठ पुन्हा वर चढतं. अशा वेळी मीठ सोसणारी भातं सोडियम पानांपर्यंत पोचू देत नाहीत, आलाच तर जुन्या पानांत कोंडून कोवळी पानं वाचवतात आणि पोटॅशियम धरून ठेवतात. जुने गोवे इथल्या कृषी संशोधन केंद्राने कोरगुटमधूनच निवड करून ‘गोवा धान-१’ आणि ‘गोवा धान-२’ ही वाणं दिली. प्रयोगशाळेला कच्चा माल पुरवला तो पिढ्यान्‌पिढ्या कणगीत बी राखणाऱ्या घरांनी.

भात कापल्यावर मानसातून खारं पाणी मोजून आत घेतात. त्याच्याबरोबर कोळंबी, शेवटे, काळुंदर, चोणक यांची पिल्लं येतात, कापणीनंतरच्या शेतात वाढतात, आणि ओहोटीला मानसाच्या तोंडाशी जाळं लावून पकडली जातात. एकाच जमिनीत पावसात भात, उन्हात मासळी.

खाजनाचं दुखणंही इथेच आहे, आणि ते मी मऊ शब्दांत सांगणार नाही. मानसावर मासळी धरायच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव होतो. पूर्वी गावकरीचा, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेचा, आणि कसणाऱ्यांच्या संघाचा त्यावर धाक असे: पाणी किती घ्यायचं, कधी बंद करायचं, बांधावर कोणी किती दिवस राबायचं. मासळीचा पैसा भातापेक्षा मोठा झाला, तशी काही ठिकाणी दारं गरजेपेक्षा जास्त वेळ उघडी राहू लागली. शेतं बुडाली आणि पडीक झाली. पडीक शेताच्या बांधावर कोणी फेरी मारत नाही. नदीत खनिजाच्या बार्जींच्या लाटा बांधांना वर्षानुवर्षं थडकत राहिल्या ते वेगळंच. २०११च्या किनारा नियमन अधिसूचनेत खाजनाचे नकाशे करावेत, कांदळ राखावं आणि तिथे विकासकामं होऊ देऊ नयेत, असं स्पष्ट लिहिलं आहे. पण अधिसूचना बिळात चिखल भरत नाही.

त्यात समुद्र चढतोय. १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्रांची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर वाढली, आणि अलीकडे हा वेग वर्षाला साडेतीन मिलिमीटरच्या वर गेला आहे. माणूसभर बांधाला हा आकडा क्षुल्लक नाही, कारण धोका सरासरी भरतीचा नसतो, उधाणाचा असतो. ते दर वेळी केसभर वरून सुरू होतं.

फोंड्यातल्या बोरी, दुर्भाट भागात पौष अमावास्येला मानगे थापणी होते. नदीकाठच्या चिखलाची मगर घडवतात, अंगावर खवल्यांसाठी शिंपले टोचतात आणि तिची पूजा करतात. ही मगर कोणी लांबची देवता नाही. शेजारच्या कुंभारजुव्याच्या कालव्यात खऱ्या मगरी राहतात, गोड्या पाण्याची जात असून मचूळ पाण्यात रुळलेल्या. बांधाच्या बाहेर राहणाऱ्या या प्राण्याला माणसं राखणदार मानतात, शेत सांभाळ म्हणून विनवतात.

गेल्या पौषात मी पूजेला गेले होते. मुलांनी शिंपले वेचून आणले, एका आजीने मगरीच्या शेपटीला आकार दिला. नदी चढत होती. पूजा आटोपल्यावर बायका घराकडे वळल्या आणि दोघे पुरुष उरलेला चिखल घमेल्यात भरून बांधाच्या टोकाकडे चालत गेले, वाकून कुशी चाचपत.