तिवई हलत होती

सेकंदाचा लंबक, म्हणजे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला एक सेकंद घेणारा, साधारण एक मीटर लांब असतो. त्याचा झोका किती वेळात पुरा होतो हे काटेकोर मोजलं, की त्या जागचं गुरुत्वाकर्षण काढता येतं. अमेरिकेच्या किनारा सर्वेक्षण खात्यात तत्त्वज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स हेच काम करायचा. १८७५ मध्ये युरोपात त्याने जर्मन बनावटीचा नावाजलेला लंबक घेतला. जिनिव्हात त्याला कळलं, की लंबक ज्या तिवईवर टांगलाय ती तिवईच त्याच्याबरोबर डुलतेय.

हालचाल अगदी सूक्ष्म होती. पण आधार झोक्यासरशी सरकला, की लंबक जणू थोडा लांब होतो, झोक्याला वेळ जास्त लागतो आणि गुरुत्वाकर्षण कमी भरतं. शंभरदा मोजलं तरी चूक तीच, त्याच दिशेची. जाणकारांना हे आधी पटेना. इतरांनी स्वतः तपासून पाहिलं, गणित मांडलं, तेव्हा कुठे ते मान्य झालं.

वस्तुनिष्ठ म्हणजे आवडनिवड बाजूला ठेवणारा माणूस, असं आपण धरून चालतो. इथे मोजणाऱ्यांची आवडनिवड आड आलीच नव्हती. म्हणून मला वाटतं, वस्तुनिष्ठता एकट्याच्या मनात मावत नाही. आपलं मोजमाप दुसऱ्याच्या तपासणीला खुलं ठेवण्यात ती असते.

१८७८ मध्ये पर्सने लिहिलं, की शोध घेणारे सगळे अखेरीस ज्या मताशी येऊन पोचतील, ते सत्य. प्रकाशाचा वेग कुणी शुक्राच्या अधिक्रमणावरून (शुक्र सूर्यबिंबासमोरून सरकतो त्यावरून) काढेल, कुणी गुरूच्या चंद्रांच्या ग्रहणांवरून. पद्धती सुधारतील तसे आकडे जवळ येत जातील. मग बहुमत म्हणजेच सत्य का? मुळीच नाही. तिवई घट्ट आहे असं सगळे म्हणाले असते, तरी ती हललीच असती. ‘उपयोगी ते खरं’ एवढाच अर्थही त्याला मंजूर नव्हता. त्याच्या या विचाराला ‘प्रॅग्मॅटिझम’ म्हणत; तत्त्वज्ञ विल्यम जेम्सच्या मांडणीपासून वेगळं राहण्यासाठी त्याने १९०५ मध्ये आपल्या मताचं नावच बदलून ‘प्रॅग्मॅटिसिझम’ केलं.

याच परंपरेतले तत्त्वज्ञ जॉन ड्यूई कोलंबिया विद्यापीठात डॉ. आंबेडकरांचे शिक्षक होते. लाहोरच्या सभेसाठी जातिनिर्मूलनावर लिहिलेल्या १९३६ च्या भाषणात बाबासाहेबांनी त्यांचं ऋण मोकळेपणाने मानलंय. आयोजकांना मजकूर झेपला नाही, सभा रद्द झाली. बाबासाहेबांनी भाषण स्वतः छापलं, आणि १९३७ च्या आवृत्तीत गांधीजींची त्यावरची टीका आणि आपलं उत्तर, दोन्ही शेजारीशेजारी ठेवलं.