सीडी-१९ आणि टी-रेगची नळी बर्फात आणू नका

गेल्या उन्हाळ्यात गोंदियाहून एक काका सकाळच्या गाडीने आले. स्टीलच्या डब्यात बर्फ, बर्फात रुमाल आणि रुमालात जांभळ्या झाकणाची नळी. नळी टेबलावर उभी करून ठेवली, तर वरचा पिवळसर भाग लाल झालेला. नमुना परत करावा लागला. "बर्फातच आणलं ना जी, खराब कसं होईल?" काकांचा प्रश्न रास्त होता. असे नमुने आमच्या लॅबमध्ये वरचेवर येतात, म्हणून हे पत्रक.

एएनए, डीएसडीएनए या, प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटली आहे का ते पाहणाऱ्या तपासण्यांत आपण अँटिबॉडी पाहतो. त्या प्रथिनं आहेत, वेगळं काढलेलं सीरम थंड ठेवलं तर चांगलंच टिकतं. सीडी-१९ (बी पेशींवरची खूण) आणि टी-रेग (प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या टी पेशी) यांचं तसं नाही. इथे फ्लो सायटोमेट्रीवर, म्हणजे रंगीत खुणा लावलेल्या पेशी एकेक करून ओळखणाऱ्या मशीनवर, पेशी मोजतात, आणि त्या जिवंत लागतात. फ्रीजरमधल्या आइस पॅकला नळी टेकली की पेशी फुटतात. नागपूरच्या मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत ठेवली तरी त्या मरतात. साधारण २० ते २५ अंशांत, बर्फाशिवाय, थर्मोकोलच्या डब्यात आणा. रक्त काढल्यापासून २४ तासांच्या आत आमच्याकडे पोचू द्या. रिटुक्सिमॅबचा (बी पेशी कमी करणारं औषध) पुढचा डोस असेल तर त्याच्या आधी रक्त द्या. स्टेरॉइडची गोळी आपल्या मनाने बंद करू नका, फक्त डोस फॉर्मवर लिहा.

खराब नमुन्याचा आकडा आम्ही छापत नाही, कितीही घाई असली तरी. त्या आकड्यावर डॉक्टर पुढचा डोस ठरवतात.

टी-रेगच्या शोधाला २०२५ चं नोबेल मिळालं, तेव्हापासून दुसरा प्रश्न रोज येतो: "टी-रेगचं इंजेक्शन तुमच्याकडे मिळते का?" नाही, आम्ही पेशी फक्त मोजतो. जपानचे शास्त्रज्ञ शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवलेल्या या पेशी आपल्याच शरीरावर उठलेल्या पेशींना आवर घालतात. सीडी-४ पेशींत (टी पेशींचा एक प्रकार) त्या साधारण ५ ते १० टक्के असतात. त्या बाहेर वाढवून रुग्णाला परत द्यायच्या, हे अजून चाचण्यांतच आहे. ल्युपसवर (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटण्याचा आजार) जर्मनीत एर्लांगेनच्या डॉक्टरांनी वेगळ्या, कार-टी पेशी (रुग्णाच्याच टी पेशी बाहेर बदलून) दिल्या. २०२२ मध्ये त्यांनी पाच रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. पाचही जणांचा आजार शांत झाला आणि औषधं सुटली. ही मोठी आशा आहे, आम्हालाही आनंद आहे. पण आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या नेक्सकार-१९ या कार-टी उपचाराला भारतात २०२३ मध्ये मंजुरी मिळाली ती रक्ताच्या कर्करोगांसाठी. म्हणून संधिवातासाठी 'पेशींचा उपचार' म्हणून कुणी लाखाची पावती फाडत असेल, तर आधी सीटीआरआयचा (भारतातल्या औषध-चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा आणि आपल्या डॉक्टरांना दाखवा. आमच्या रिपोर्टवर टी-रेग कमी दिसले, एवढ्यावरून कुणी इंजेक्शन सुचवत असेल तरी तेच करा.

या तपासणीचा दर साध्या सीबीसीपेक्षा बराच जास्त आहे. प्रत्येक नमुन्याला वेगवेगळ्या रंगाच्या अँटिबॉडी लागतात आणि त्या महाग येतात. म्हणूनच तुमचा नमुना वाया जाऊ नये असं आम्हाला मनापासून वाटतं. भंडारा, वर्धा, गोंदियाकडून येणार असाल तर आदल्या दिवशी फोन करा. नळी आणि थर्मोकोलचा डबा आम्ही मोफत देतो. शहरात असाल तर आमचा माणूस घरी येऊन रक्त घेऊन जाईल. शनिवारी दुपारी २ नंतर ही नळी घेत नाही, कारण रविवारी मशीन बंद असते आणि सोमवारपर्यंत पेशी टिकत नाहीत.