पीएमआर-१५

पीएमआर-१५ हे पॉलिइमाइड वर्गातले उष्णतारोधी थर्मोसेट रेझीन आहे. कार्बन किंवा काचेच्या तंतूंचे थर एकमेकांना बांधून लॅमिनेट बनवण्यासाठी ते वापरतात. थर्मोसेट एकदा पक्के झाले की पुन्हा वितळत नाही. कुकरची बेकेलाइटची मूठ याच जातकुळीतली. कार्बनचा तंतू कितीही ताप सोसणारा असला तरी लॅमिनेट कुठवर टिकणार हे शेवटी रेझीनच ठरवते. विमानांतले नेहमीचे इपॉक्सी सुमारे १८० अंश सेल्सिअसपर्यंतच साथ देते. पीएमआर-१५ मात्र २८८ अंशांवर हजारो तास काम करते.

अमेरिकेत क्लीव्हलंड येथील नासाच्या लुइस संशोधन केंद्रात टिटो सेराफिनी आणि सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ते तयार केले. पीएमआर म्हणजे ‘पॉलिमरायझेशन ऑफ मोनोमर रिअ‍ॅक्टंट्स’. नावातला १५ हा आकडा पक्के होण्याआधीच्या साखळीच्या १५०० या सरासरी रेणुभाराचा आहे.

त्याआधीच्या पॉलिइमाइडांची मोठी अडचण म्हणजे पोकळ्या. रेझीन घट्ट होत असतानाच पाणी आणि द्रावकाची वाफ सुटायची, ती थरांत अडकायची आणि लॅमिनेट कमजोर व्हायचे. पीएमआर पद्धतीने या दोन गोष्टींची वेळच वेगळी केली. तीन मोनोमर (ज्यांच्या जोडणीतून साखळी बनते ते लहान रेणू) मिथेनॉलमध्ये विरघळवून ते पातळ द्रावण तंतूंत मुरवतात. सुमारे २०० अंशांपर्यंत तापवताना मिथेनॉल आणि पाणी निघून जाते, कारण साखळ्या अजून आखूड आणि मोकळ्या असतात. पुढे ३१६ अंशांच्या आसपास, दाबाखाली, साखळ्यांची टोके (त्यांवरच्या रासायनिक गटाला नॅडिक म्हणतात) एकमेकांत गुंततात. तेव्हा बाहेर पडण्यासारखे फारसे काही उरलेले नसते. या रेझीनचे खरे मोल या क्रमात आहे. द्रावण मुरवलेले कापड हाताला चिकट लागते आणि साच्यावर छान बसते. उघडे राहिले तर मिथेनॉल उडून ते पुठ्ठ्यासारखे ताठ होते.

एफ/ए-१८ लढाऊ विमानाच्या एफ४०४ इंजिनाची बाहेरची नळी टायटॅनियमऐवजी कार्बन तंतू आणि पीएमआर-१५ यांची करण्यात आली, हा त्याचा गाजलेला उपयोग. (याच घराण्यातले इंजिन आपल्या तेजसमध्ये आहे.) पुन्हापुन्हा तापून थंड झाल्यावर लॅमिनेटमध्ये सूक्ष्म तडे जातात, हा त्याचा दोष.

त्याहून गंभीर गोष्ट तीन मोनोमरांपैकी एकाची, मिथिलीनडायअनिलीनची. हे रसायन यकृताला घातक आहे आणि त्याने कर्करोग होण्याचा संशय आहे. १९६५ मध्ये इंग्लंडमधील एपिंग गावात ते पिठात सांडले आणि त्या पिठाचा पाव खाऊन ८४ जणांना कावीळ झाली. रेझीन पूर्ण पक्के झाल्यावर हा मोनोमर साखळीत बांधला जातो. धोका असतो तो ओले कापड कापणाऱ्या, थरावर थर लावणाऱ्या कामगाराला, आणि त्वचेतूनही. म्हणून तांत्रिक माहितीत हातमोज्यांचा उल्लेख तळटीपेत ढकलणे चूक आहे. अमेरिकेने १९९२ मध्ये कामाच्या जागेच्या हवेत या रसायनाची मर्यादा अब्जात १० भाग इतकी खाली आणली. मिथिलीनडायअनिलीनच्या जागी त्याच वर्गातले (डायअमाइन) दुसरे रसायन वापरून तितकाच ताप सोसणारी रेझिने बनवण्याचे प्रयत्न त्यानंतर वाढले. डीएमबीझेड-१५ हे त्यांपैकी एक, तेही नासाचेच.