मेश सेटवर मेसेज अडकतात? आधी ‘राऊटर’ बंद करा

मेशटास्टिक म्हणजे मोबाइल नेटवर्कशिवाय छोट्या रेडिओंवरून एकमेकांना मेसेज आणि लोकेशन पाठवायची सोय. ती वापरणाऱ्या ट्रेक ग्रुपकडून दर मोसमात एकच तक्रार येते: बॅटरी भरलेली, अँटेना घट्ट, तरी मेसेज पोचत नाहीत. सेट तपासला की बहुतेक वेळा दिसतं की रेंज वाढावी म्हणून सगळ्या नोडचा, म्हणजे सेटमधल्या प्रत्येक रेडिओचा, रोल ‘राऊटर’ केलाय आणि लोकेशन दर 30 सेकंदांनी जातंय.

आपला मेशटास्टिक सेट 865–867 मेगाहर्ट्झवर ‘लाँगफास्ट’ या रेडिओ सेटिंगमध्ये चालतो. लोकेशनचं एक पॅकेट साधारण 0.6 सेकंद हवा अडवतं. चॅनेल एकच, त्यामुळे तेवढा वेळ बाकीच्यांनी गप्प राहायचं. 12 नोड म्हणजे मिनिटाला 24 पॅकेट. 14 सेकंद तिथेच गेले. राऊटर मात्र ऐकलेलं पॅकेट पुन्हा पाठवतोच. सगळेच राऊटर, सगळे एकमेकांच्या टप्प्यात, म्हणजे प्रत्येक पॅकेट 12 वेळा हवेत: 173 सेकंद. मिनिटात असतात 60. मग पॅकेट एकमेकांवर आदळतात आणि बॅटरीही दुपारपर्यंत उतरते.

‘क्लायंट’ नोड क्षणभर थांबतो; तेच पॅकेट दुसऱ्याने पुढे पाठवलेलं ऐकलं तर स्वतः पाठवत नाही. म्हणून आम्ही प्रत्येक सेट ‘क्लायंट’ आणि हॉप लिमिट (पॅकेट जास्तीत जास्त किती वेळा पुढे पाठवायचं) 3 लावूनच देतो. 7 पर्यंत सोय असताना 3 का, असं विचारतात. एका रांगेत चालणाऱ्या ग्रुपला 3 पुरतात.

राऊटर एकच, आणि तो उंचावर. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढताना तो कोकणकड्यावर थांबलेल्या माणसाकडे द्या. पायथ्याचं बेलपाडा गाव आणि घळ दोन्हीकडे नजर पोचेल अशी जागा बघा. घळीच्या तळाशी दहा राऊटर ठेवले तरी कातळापलीकडे काही जात नाही.

लोकेशनचा इंटरव्हल 900 सेकंद ठेवा. ‘स्मार्ट पोझिशन’ या सेटिंगकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही: ती चालू असेल तर चालताना 100 मीटर सरकलं की पॅकेट जातं, मग 900 सेकंदांचा उपयोग काय? तिचा किमान इंटरव्हल 30 वरून 300 करा. ॲपमधला ‘चॅनेल युटिलायझेशन’ (चॅनेल किती वेळ व्यापलेला आहे) 25 टक्क्यांच्या आत राहिला पाहिजे. त्यावर गेला की नोड स्वतःच लोकेशन रोखून धरतो.

अँटेना लावल्याशिवाय नोड चालू करू नका, रेडिओ जळू शकतो.

मुक्कामी ट्रेकसाठी एनआरएफ52 चिपचे नोड घ्या. ईएसपी32 चिपच्या नोडपेक्षा वीज कितीतरी कमी खातात. किंमत जरा जास्त, पण वेगळी पॉवर बँक वाहावी लागत नाही. जुना सेट बिघडवून ठेवला असेल तर घेऊन या, सेटिंग मोफत करून देऊ.