वारबर्ग: स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरचं समुद्रस्नानाचं गाव

वारबर्ग हे स्वीडनच्या हालांड भागातलं, काटेगाट समुद्राला लागून असलेलं छोटं शहर. गोथेनबर्गपासून दक्षिणेला साधारण ७५ किलोमीटर, ट्रेनने पाऊण तासाच्या आसपास. नावाच्या शेवटी ग लिहितात पण तिथले लोक तो य सारखा म्हणतात, वारबॅर्य असं काहीतरी ऐकू येतं, त्यामुळे ट्रेनमधली घोषणा पहिल्यांदा कळतच नाही. गोथेनबर्गला नोकरीनिमित्त राहणारी बरीच मराठी कुटुंबं आहेत, त्यांच्यासाठी हे अगदी सकाळी जाऊन रात्री परत यायचं ठिकाण, पण खरं सांगायचं तर एक रात्र राहिल्याशिवाय हे गाव कळत नाही.

आपल्याकडे बीचवर जायचं म्हणजे वाळूत चालायचं, पाय भिजवायचे, भेळ खायची, सूर्यास्त बघायचा आणि परत. वारबर्गमध्ये समुद्र हा बघायचा नाही, आत उतरायचा असतो. हे गाव वाढलंच आंघोळीवर. १८११ च्या सुमाराला इथे औषधी पाण्याचा एक झरा नावारूपाला आला, लोक ते पाणी प्यायला यायला लागले, मग डॉक्टर लोक समुद्रस्नानही सांगायला लागले, आणि एकोणिसाव्या शतकात बघता बघता वारबर्ग हे पैसेवाल्या लोकांचं उन्हाळ्यात तब्येत सुधारायला जायचं ठिकाण झालं. त्या लोकांच्या संध्याकाळच्या नाचगाण्यासाठी, जेवणावळींसाठी बांधलेलं लाकडी सोसायटी हाऊस आणि त्याच्याभोवतीची बाग आजही जागेवर आहे, नक्षीदार व्हरांडे, उंच झाडं, उन्हाळ्यात तिथे गाण्याचे कार्यक्रम होतात.

सगळ्यात आधी सांगायचं ते म्हणजे कल्लबादहूस, म्हणजे थंड पाण्याचं स्नानगृह. गावातल्या जुन्या किल्ल्याच्या जवळ समुद्रात खांबांवर उभी असलेली लाकडी इमारत, कोपऱ्यांवर कांद्याच्या आकाराचे छोटे घुमट, कमानी, एकूण थाट मूरिश, म्हणजे स्पेन-मोरोक्कोकडच्या जुन्या मुस्लिम इमारतींसारखा. लांबून बघितलं तर ही स्वीडनमधली वाटतच नाही. पहिलं स्नानगृह १८६६ मध्ये बांधलं, ते १८८४ च्या वादळात गेलं, दुसरं बांधलं ते १९०२ च्या नाताळच्या वादळाने मोडून टाकलं, आणि आत्ताचं आहे ते १९०३ चं. दोनदा समुद्राने नेलं तरी गावाने तिसऱ्यांदा परत समुद्रातच बांधलं, यावरून या लोकांना त्याचं किती वेड होतं ते कळतं.

आत गेल्यावर बायकांची बाजू वेगळी, पुरुषांची वेगळी. मधल्या चौकात खाली समुद्राचं पाणी, त्यात उतरायला लाकडी पायऱ्या, आणि बाजूला सौना, म्हणजे घाम काढायची तापवलेली लाकडी खोली, जिला स्वीडिश लोक बास्तू म्हणतात. कपडे घालायचे नाहीत, पोहण्याचेसुद्धा नाहीत. हे ऐकूनच आपल्यातले निम्मे लोक बाहेरूनच परत फिरतात, तसं करू नये असं मला अगदी मनापासून वाटतं. तिथे कोणी कोणाकडे बघत नाही. सत्तर वर्षांच्या आजी, कॉलेजमधल्या मुली, बाळंतपणानंतर पहिल्यांदाच आलेली एखादी, सगळ्या टॉवेल बाकावर अंथरून निवांत बसलेल्या असतात, खिडकीतून समुद्र दिसत असतो, कोणीतरी हळू आवाजात बटाट्यांच्या भावाबद्दल बोलत असतं. टॉवेलवरच बसायचं, हा नियम, घाम लाकडाला लागू नये म्हणून. दहा-पंधरा मिनिटं बसून अंग तापलं, कानांच्या पाळ्यासुद्धा गरम झाल्या की उठायचं, ओल्या पायऱ्यांवरून कठडा धरून खाली जायचं आणि थांबायचं नाही, थांबलं की पाय मागे येतो. पाणी मानेपर्यंत आलं की श्वास अडकल्यासारखा होतो, तेव्हा सावकाश श्वास सोडायचा, दहापर्यंत मोजायचं आणि वर यायचं. वर आल्यावर वारा लागतो पण थंडी वाजत नाही, अंगातून झिणझिण्या येतात आणि कातडी लालबुंद होते. मग परत सौना. असं तीन वेळा केलं की त्या दिवशी दुसरं काही करायची इच्छा उरत नाही, म्हणून हे शेवटी ठेवलेलं बरं. हृदयाचा किंवा बीपीचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात करू नये.

कपड्यांशिवाय पोहायच्या उघड्यावरच्या जागाही इथे जुन्या आहेत, किल्ल्याच्या दक्षिणेला खडकाळ किनाऱ्यावर. बायकांसाठी केरिंगहोलान, पुरुषांसाठी गोदा होप्प, आणि दोघांसाठी मिळून स्कार्पे नूर्द. तिथे जायचं नसेल तर वरच्या वाटेने सरळ पुढे जावं, कॅमेरा मात्र खाली ठेवावा.

ही वाट म्हणजे स्ट्रांडप्रोमेनाडेन, किल्ल्यापासून आपेलविकेन खाडीपर्यंत समुद्राला चिकटून जाणारा चालायचा रस्ता, तीनेक किलोमीटर. एका बाजूला गुळगुळीत झिजलेले कातळ, दुसऱ्या बाजूला गवत आणि जंगली गुलाबाची झुडपं. वाटेत पूर्वीचं मुलांचं सॅनेटोरियम लागतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्षयरोग झालेल्या मुलांना इथे आणून ठेवत, तेव्हा क्षयावर औषध नव्हतं, समुद्राची हवा, ऊन आणि चांगलं खाणं हाच उपचार. त्या इमारती आता कुस्टहोटेल नावाचं हॉटेल आणि स्पा म्हणून चालतात. जवळच तिथल्या पेशंटांचं छोटंसं कब्रस्तान आहे. स्पाच्या जाहिराती बघून आलेल्यांनी तिथे दोन मिनिटं जरूर थांबावं, कारण या गावातलं समुद्रस्नान ही नुसती चैन नव्हती, काही घरांसाठी ती शेवटची आशा होती.

लहान मुलं बरोबर असतील तर किल्ल्याजवळच मुलांचा म्हणून एक बीच आहे, उथळ पाणी, वाळू. आपल्या लोकांनी लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे काटेगाटमध्ये भरती-ओहोटी जवळजवळ नसतेच, फरक हातभरही नाही. अलिबागला ओहोटी बघून कुलाबा किल्ल्यात चालत जायची सवय असलेल्या माणसाला इथे दिवसभर पाणी तिथल्या तिथे बघून चुकल्यासारखं वाटतं. पाणी खारटही कमी, कारण बाल्टिकचं गोडसर पाणी इथूनच बाहेर पडतं. जुलै-ऑगस्टमध्ये पाण्याचं तापमान साधारण १७ ते २० डिग्री, म्हणजे स्वीडिश लोकांच्या हिशोबाने मस्त आणि आपल्या हिशोबाने गार.

मुलांचा इथला खरा उद्योग खेकडे पकडणं. दोरीला कपड्यांचा चिमटा बांधायचा, खडकावरचा शिंपला फोडून त्यातलं मांस चिमट्यात अडकवायचं, आणि धक्क्यावर पालथं पडून दोरी खाली सोडायची. खेकडा आमिष नांगीत धरतो आणि सोडत नाही, हळूहळू वर ओढायचं, झटका दिला की तो पडतो. बादलीत पाच-सहा जमले की मोजायचे आणि परत पाण्यात सोडायचे. खायचे नाहीत, ते अगदी छोटे असतात. कोकणातल्या मुलांना हे शिकवावं लागत नाही. एक सावधगिरी, उन्हाळ्याच्या उत्तरार्धात कधीकधी लाल-पिवळसर जेलीफिश किनाऱ्याजवळ येतात, त्यांच्या लांब तंतूंचा स्पर्श झाला तर चांगलीच आग होते. पारदर्शक, आत चार गोल दिसणारे असतात ते फारसे त्रास देत नाहीत.

आपेलविकेन ही वाऱ्याची जागा. नैऋत्येकडून वारा सुटला की विंडसर्फिंग आणि काईटसर्फिंगवाले गाड्यांच्या टपावर बोर्ड बांधून हजर, शिकवणारे क्लासही आहेत, वेटसूट भाड्याने मिळतो. गंमत म्हणजे पोहणाऱ्यांसाठी जो दिवस वाईट तोच यांच्यासाठी उत्तम, त्यामुळे हा बीच कधीच रिकामा नसतो. शेजारी कॅम्पिंगची मोठी जागा आहे.

किल्ला गावात कुठूनही दिसतो. सुरुवात तेराव्या शतकाच्या अखेरीस, हालांडचा काउंट याकोब निल्सन याने केली. डेन्मार्कचा राजा एरिक क्लिपिंग याचा १२८६ मध्ये खून झाला, त्यात दोषी ठरवून ज्यांना हद्दपार केलं त्यातला हा एक, मग त्याने समुद्राकाठी हा किल्ला उभारला. तेव्हा हालांड डेन्मार्ककडे होतं. आज दिसणारे जाड बुरूज बरेचसे १५८८ नंतरच्या तीस वर्षांतले, तोफांना तोंड देण्यासाठी बांधलेले. १६४५ च्या तहाने हालांड स्वीडनकडे आलं, आधी तीस वर्षांच्या बोलीवर आणि १६५८ मध्ये कायमचं, आणि सरहद्दच पुढे सरकल्यामुळे किल्ल्याचं लष्करी महत्त्व गेलं. पुढे तो तुरुंग झाला, १९३१ पर्यंत. त्या जुन्या कैद्यांच्या कोठड्यांमध्ये आता हॉस्टेल आहे, खोल्या अगदी बारक्या पण तटबंदीच्या आत झोपायला मिळतं.

किल्ल्यातलं म्युझियम चुकवू नये, कारण तिथे बोकस्टेनचा माणूस आहे. १९३६ मध्ये वारबर्गच्या पूर्वेला एका दलदलीत शेतकाम करताना हा सापडला. चौदाव्या शतकातला असावा, मारून दलदलीत टाकलेला, आणि अंगातून लाकडी खुंट्या ठोकलेल्या, एक थेट छातीतून, बहुधा मेलेला उठून परत येऊ नये म्हणून. दलदलीच्या पाण्यात हवा नसते त्यामुळे कुजणं थांबतं, म्हणून त्याचे तांबूस कुरळे केससुद्धा राहिले. पण अभ्यासकांसाठी खरी दौलत त्याचे कपडे. लोकरीचा अंगरखा, वरून झगा, पायमोजे, आणि डोक्यावरची टोपडी जिची शेपटी पाठीवर लांबच लांब लोंबते. मध्ययुगातला साध्या वापरातला पूर्ण पोशाख असा क्वचितच कुठे राहिलाय. काचेसमोर उभं राहिलं की त्या कापडाची वीण दिसते आणि कोणीतरी हे घरात बसून विणलं-शिवलं असेल हे डोक्यातून जात नाही. याच म्युझियमकडे शिसं भरलेलं एक पितळी बटण आहे, १९२४ मध्ये सापडलेलं. स्वीडनचा राजा बारावा कार्ल १७१८ मध्ये नॉर्वेत वेढ्याच्या वेळी गोळी लागून मेला, ती गोळी म्हणजे हेच बटण अशी जुनी समजूत. त्यावर वाद अजून आहेत.

गावापासून दहाएक किलोमीटर आत ग्रिमेटोन. समुद्रावर आलेले बरेच जण इकडे फिरकत नाहीत आणि हे फार चुकतं. १९२४ च्या डिसेंबरपासून अमेरिकेशी बिनतारी तारांची देवाणघेवाण करणारं हे रेडिओ स्टेशन, २००४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. शेतांच्या मध्ये एका रांगेत १२७ मीटर उंचीचे सहा लोखंडी टॉवर, हात पसरून उभे असल्यासारखे. आत जे यंत्र आहे ते अर्न्स्ट अलेक्झांडरसन या स्वीडनमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत काम केलेल्या इंजिनिअरचं. यात व्हॅक्यूम ट्यूब नाही, ट्रान्झिस्टर तर नाहीच. एक मोठी पोलादी चकती, तिच्या कडेला ४८८ खाचा, मिनिटाला सुमारे २११५ फेरे. सेकंदाला सव्वापस्तीस फेरे गुणिले ४८८ म्हणजे सुमारे १७,२०० कंपनं, तीच स्टेशनची फ्रिक्वेन्सी, १७.२ किलोहर्ट्झ. म्हणजे निव्वळ फिरवून रेडिओ लहरी तयार करायच्या. लवकरच शॉर्टवेव्ह, म्हणजे आखूड लहरींचा रेडिओ, स्वस्त पडायला लागलं आणि अशी यंत्रं जगभर मोडीत निघाली. आपल्याकडे १९२७ मध्ये खडकी आणि दौंडला जे बीम वायरलेस स्टेशन इंग्लंडशी बोलायला उभं राहिलं ते याच नव्या शॉर्टवेव्हचं. ग्रिमेटोन वाचलं कारण इतक्या लांब लहरी पाण्याखालीही पोचतात, स्वीडिश नौदलाला पाणबुड्यांशी बोलायला ते उपयोगी पडलं. आज या पद्धतीचं चालू अवस्थेतलं हे एकटंच उरलंय. २ जुलैच्या जवळच्या रविवारी आणि नाताळच्या आदल्या दिवशी ते सुरू करून एसएक्यू या कॉलसाइनने, म्हणजे स्टेशनच्या ओळखीच्या अक्षरांनी, मोर्समध्ये संदेश पाठवतात, आणि जगभरातले हॅम म्हणजे हौशी रेडिओवाले तो पकडायला बसतात. त्या दिवशी हॉलमध्ये असाल तर चकती वेग घेताना तिचा आवाज हळूहळू चढत जातो.

पक्षी बघायचे तर गावाच्या उत्तरेला येत्तेरोन. पाणथळ कुरणं, निरीक्षणाचं केंद्र, बसून बघायला आडोसे. वर वळलेल्या चोचीचा काळा-पांढरा अवोसेट इथे वीण करतो, तेव्हा संरक्षित भागात पाय ठेवायचा नाही. स्वीडनमध्ये मोकळ्या निसर्गात कुठेही फिरायचा हक्क सगळ्यांना आहे पण अशा ठिकाणी स्थानिक नियम आधी.

सायकल जरूर घ्यावी. मोनार्क सायकलींचा कारखाना १९०८ मध्ये याच गावात सुरू झाला, आणि हेल्सिंगबोर्ग ते गोथेनबर्ग असा समुद्राकाठचा काटेगाटलेदेन सायकल मार्ग, २०१५ मध्ये सुरू झालेला, इथूनच जातो. बहुतेक सपाट. वाऱ्याची दिशा बघून निघावं एवढंच.

खाण्यात कोळंबी. बोटीवरच मिठाच्या पाण्यात उकडलेली, थंडच, सालीसकट ढीगभर टेबलावर येते, ज्याची त्याने सोलायची. पाव, लोणी, मेयोनीज, शेपूसारखी दिल आणि लिंबू, बास. मसाल्याची सवय असलेल्याला पहिले दोन घास काहीच लागत नाही, मग कोळंबीची स्वतःची गोडी कळायला लागते. शाकाहारी लोकांनी जूनमध्ये यावं, नवे छोटे बटाटे आणि स्ट्रॉबेरी तेव्हा बाजारात असतात. पैसे सगळीकडे कार्डाने, नोटा बऱ्याच ठिकाणी घेतच नाहीत.

जूनच्या शेवटी रात्री दहा वाजून गेले तरी सूर्य पाण्यावर असतो, जुलैत गर्दी आणि हॉटेलचे भाव दोन्ही वर, ऑगस्टच्या मध्यापासून शाळा सुरू झाल्या की गाव मोकळं होतं. डिसेंबरमध्ये साडेतीनला अंधार पडायला लागतो, आईस्क्रीमची दुकानं बंद, प्रोमेनाडवर कुत्रा फिरवणारे चारदोन लोक. सौना मात्र तेव्हाही तापलेला असतो, आणि थंड पाण्याच्या पायऱ्यांवरून कोणीतरी कठडा धरून खाली उतरत असतं.