काडी परदेशातली, छाटणी नाशिकची

नाशिकमध्ये नवा उद्योग काढू पाहणाऱ्या तरुणाला पहिला प्रश्न ठरलेला असतो: तुझ्या कल्पनेत नवीन काय? उद्योगमेळाव्यात तो विचारला जातो, बँकेत विचारला जातो, घरीही विचारला जातो. या जिल्ह्याचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहिला, तर हा प्रश्न पहिला असायचं कारण दिसत नाही. इथल्या गावांना ज्या धंद्यांनी पैसा दाखवला, ते बहुतेक दुसरीकडे आधीच सिद्ध झालेले होते. नाशिककरांनी ते आणले आणि इथली हवा, पाणी, माणसं यांना मानवेपर्यंत बदलत राहिले. या बदलत राहण्याला वर्षं लागली, कर्जं लागली, बागा उपटाव्या लागल्या. कौतुक त्याचं व्हायला हवं.

बाहेरच्या जगात हा विचार जुना आहे. थिओडोर लेविट या अमेरिकन विपणनतज्ज्ञाने १९६६ साली लिहिलं होतं की उद्योगांची बरीचशी वाढ नवनिर्मितीतून होत नसते, अनुकरणातून होत असते. १९९३ साली गोल्डर आणि टेलिस या अभ्यासकांनी ५० प्रकारच्या वस्तूंचा इतिहास तपासला, तेव्हा बाजारात सर्वात आधी उतरलेल्यांपैकी ४७ टक्के अपयशी ठरल्याचं दिसलं. पहिला येणारा रस्ता दाखवतो. त्यावरून माल नेणारा पुष्कळदा दुसराच असतो.

नाशिकमधलं एक ठळक उदाहरण दादासाहेब फाळक्यांचं. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या या माणसाने मुंबईत येशूच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि पडद्यावर त्याला कृष्ण दिसू लागला. पुढची पायरी फार महत्त्वाची आहे. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ साली लंडनला गेले, सेसिल हेपवर्थ या चित्रपटनिर्मात्याच्या स्टुडिओत काम कसं चालतं ते पाहिलं, विल्यम्सन कॅमेरा विकत घेतला आणि परतले. भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून आधी वाटाण्याचं रोप उगवताना चित्रित केलं. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये यंत्र, फिल्म आणि तंत्र विलायती होतं, कथा मात्र प्रेक्षकाला पाठ असलेली होती. त्याच वर्षी त्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवलं, आणि १९१८ पासून हिंदुस्थान फिल्म कंपनीचं काम इथूनच चाललं.

सरकारनेही नाशिकमध्ये हेच केलं. भारताची टपाल तिकिटं १८५५ पासून लंडनची टॉमस डी ला रू कंपनी छापत होती. १९२५ पासून ते काम नाशिकरोडच्या प्रेसमध्ये आलं. साठच्या दशकात ओझरला सोव्हिएत परवान्यावर मिग विमानं बांधण्याचा कारखाना आला. पण या दोन्ही गोष्टी वरून आल्या. द्राक्ष खालून, शेतकऱ्याच्या बांधावरून वर आलं, म्हणून मला त्याचीच गोष्ट जास्त मोलाची वाटते.

ओझरच्या रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाडांनी १९२५ च्या सुमारास जिल्ह्यात द्राक्षबाग उभी केली, असं मानलं जातं. तेव्हा भोकरीसारख्या बियांच्या जाती होत्या. आज ज्याला आपण सरसकट नाशिकचं द्राक्ष म्हणतो, ते बिनबियांचं थॉमसन बरंच नंतर आलं, आणि त्याचं नावही उसनंच. मुळात ही पश्चिम आशियातली जुनी किसमिस. १८७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या विल्यम थॉमसन नावाच्या शेतकऱ्याने रोपवाटिकेतून काड्या मागवून ती वाढवली, आणि तिकडे ती त्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली. म्हणजे नाशिकला पोचण्याआधीच ही वेल एकदा उसनवारीने समुद्र ओलांडून आली होती.

ती इथे लावणं सोपं होतं. तिच्याकडून इथे माल घेणं अवघड होतं. थंड देशात हिवाळ्यात वेलीची पानं गळतात, ती झोपी जाते, त्या झोपेतच तिची छाटणी होते आणि उन्हाळा संपता संपता फळ येतं. नाशिकला वेल झोपतच नाही. आणि तिकडच्या वेळापत्रकाने फळ धरलं, तर घड ऐन पावसात सापडून डाऊनी या बुरशीच्या रोगाने जातील. यावरचा तोडगा म्हणजे वर्षातून दोन छाटण्या. एप्रिलमध्ये खरड छाटणी. तिच्यातून नव्या काड्या तयार होतात आणि त्यांच्या डोळ्यांत, म्हणजे कोंब फुटायच्या जागी, घडनिर्मिती होते. पाऊस सरताना, ऑक्टोबरच्या आसपास, फळछाटणी. हवेत पुरेसा गारवा नसतो, म्हणून छाटल्यावर डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड या रसायनाची पेस्ट लावायची, की सगळे डोळे एकसारखे फुटतात. माल जानेवारी ते एप्रिलमध्ये निघतो. छाटण्या दोन, पीक एक. कॅलिफोर्नियाच्या शेतकऱ्याला हे सांगितलं तर त्याला आपलं वर्ष उलटंपालटं झाल्यासारखं वाटेल. ही पद्धत एका कुणाच्या नावावर नाही. आज जिल्ह्यातली द्राक्षशेती तिच्यावरच चालते.

जीए, म्हणजे मणी फुगवणारं जिबरेलिक ॲसिड, त्याचंही तसंच. भाताची रोपं बेसुमार उंच करणाऱ्या एका बुरशीच्या रोगाचा अभ्यास करताना कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञाला १९२६ साली त्यामागच्या द्रव्याचा माग लागला. ते पुढे जिबरेलिन म्हणून ओळखलं गेलं, आणि कॅलिफोर्नियाने ते थॉमसनचा मणी फुगवण्यासाठी वापरलं. तिकडून ते इथे आलं. पण कुठल्या अवस्थेत किती पीपीएम (द्रावणाची तीव्रता), फवारायचं की घड बुडवायचा, थिनिंग (मण्यांची विरळणी) आधी की नंतर, हे इथल्या बागांमध्येच ठरत गेलं. एकेक घड हाताने द्रावणात बुडवणाऱ्या मजूर बायकांच्या टोळ्या हा या तंत्राचा नाशिकचा भाग आहे. निर्यातीचा मणी त्यांच्या हातून तयार झाला, आणि द्राक्षाच्या इतिहासात त्यांचं नाव कुठेही येत नाही.

खुंटाची, म्हणजे ज्या मुळावर कलम बांधतात त्याची, गोष्ट मला सर्वात उद्बोधक वाटते. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा या किडीने फ्रान्सच्या बागा संपवल्या, तेव्हा अमेरिकन वेलींच्या मुळांवर फ्रेंच जातींचं कलम बांधून त्या वाचवल्या गेल्या. आपल्याकडे कलमाचा उपाय आला, पण दुखणं वेगळं होतं: दुष्काळ आणि पाण्यातले क्षार. म्हणून इथे टेक्सासच्या कोरड्या भागातून निवडलेला डॉगरिज हा खुंट चालला. उपाय उचलला, कारण बदललं. उसनी कल्पना अशीच वापरायची असते. आधी आपलं दुखणं नीट ओळखायचं, मग दुसऱ्याचं औषध घ्यायचं.

हे जिथे झालं नाही, तिथे काय होतं तेही नाशिकने पाहिलं आहे.

वाइनमध्ये नाशिक पहिलं नव्हतं. ऐंशीच्या दशकात पुणे जिल्ह्यात नारायणगावला फ्रेंच तंत्रसाह्याने फेसाळती वाइन तयार होऊ लागली होती. नाशिकमध्ये राजीव सामंत यांनी नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां या वाइनच्या द्राक्षजाती लावल्या. सोबत केरी डॅमस्की हे कॅलिफोर्नियाचे वाइनतज्ज्ञ होते. २००० साली त्यांच्या सुला कंपनीची पहिली वाइन बाजारात आली. पण सामंतांनी वाइनच्या जोडीने आणखी एक गोष्ट उचलली: कॅलिफोर्नियाच्या नापा खोऱ्यातलं, लोकांना बागेत बोलावून तिथेच चव देण्याचं तंत्र. ज्या देशात दारूची जाहिरात करता येत नाही, तिथे या कल्पनेला नापापेक्षाही मोठं मोल आलं, कारण बागच जाहिरात झाली. मुंबईहून तीन-चार तासांवर असलेल्या शहरात ते जमलंही.

२००१ साली राज्याने द्राक्षप्रक्रिया धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क झालं आणि पाहता पाहता जिल्ह्यात वायनऱ्या उभ्या राहिल्या. यातल्या पुष्कळांनी टाक्या उभारल्या, वाइनच्या जाती लावल्या. गिऱ्हाईक कुठून आणायचं याचं उत्तर मात्र त्यांच्याजवळ नव्हतं. २००८-०९ ची मंदी आली, त्याच काळात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली. टाक्यांत वाइन पडून राहिली, कित्येक वायनऱ्या थांबल्या आणि शेतकऱ्यांनी वाइनच्या बागा उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षं लावली. यशस्वी शेजाऱ्याकडून डोळ्यांना दिसणारा भाग तेवढा घेतला गेला होता. मी त्या शेतकऱ्यांना दोष देणार नाही. धोरणानेही त्यांना तेवढाच भाग दाखवला होता.

नेमक्या त्याच सुमारास, २०१० साली, युरोपात पाठवलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले आणि निर्यातदार अक्षरशः बसले. विलास शिंदे तेव्हा काही शेतकऱ्यांना बरोबर घेऊन निर्यात करत होते. त्या फटक्यानंतर त्यांनी घडवलेली सह्याद्री फार्म्स ही संस्था, मोहाडीची, अमूलकडे पाहून उभी राहिली. पण अमूलच्या आणंदचं दूध दिवसातून दोनदा येतं, रोज पैसा फिरतो. द्राक्ष वर्षातून एकदा येतं, एका पावसात जातं. म्हणून सह्याद्रीने सहकारी संस्थेऐवजी शेतकरी उत्पादक कंपनीचा आकार घेतला. २००२ च्या कंपनी कायद्यातल्या दुरुस्तीने तो उपलब्ध झाला होता. प्रत्येक प्लॉटच्या फवारणीची नोंद आली. द्राक्षावर विसंबून राहू नये म्हणून टोमॅटो आणि फळप्रक्रियेचा जोड आला. मालकी शेतकऱ्याची, हे एकच तत्त्व अमूलचं जसंच्या तसं ठेवलं. बाकी जवळपास सगळं बदललं.

आता मात्र उसनवारीचे नियम बदलत आहेत. थॉमसनची काडी कुणीही कुणाला देत असे. तासगाव भागातली तास-ए-गणेश, सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजच्या नानासाहेब काळ्यांची सोनाका, या जाती थॉमसनच्याच वेलीवर शेतकऱ्यांच्या नजरेने टिपलेल्या. त्या नाशिकभर पसरल्या, कुणी हक्काचा पैसा मागितला नाही. आज युरोपच्या दुकानांना हव्या असलेल्या रंगीत, कुरकुरीत जाती परदेशी पैदासकारांच्या मालकीच्या आहेत. त्या लावायच्या तर करार करावा लागतो, रॉयल्टी भरावी लागते, आणि शेजाऱ्याला काडी देता येत नाही. सह्याद्रीने ‘अरा’ नावाच्या परदेशी जाती अशाच परवान्याने आणल्या. ज्याच्याकडे दहा एकर आहेत त्याला ते झेपेल. दोन एकरवाल्याला दारातच थांबावं लागेल.

पुण्याजवळच्या मांजरीतल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने ‘मांजरी नवीन’ ही जात सेंटेनियल सीडलेस या परदेशी जातीतून निवडून काढली. अशा कामाला पैसा आणि वेग मिळाला पाहिजे. परवान्याच्या जाती येऊ द्याव्यात, त्यांचा मोबदलाही प्रामाणिकपणे द्यावा. पण छोट्या बागायतदाराच्या हाती एखादी तरी मोकळी काडी असली पाहिजे, कारण आजवर ज्या काड्यांवर इथल्या शेतकऱ्याने प्रयोग केले, त्या सगळ्या मोकळ्याच होत्या.