लेक्सिकल स्कॅनर

लेक्सिकल स्कॅनर किंवा नुसतं लेक्सर म्हणजे कंपायलरचा (आपला कोड मशीनच्या भाषेत बदलणाऱ्या प्रोग्रामचा) पहिला टप्पा. आपण लिहिलेला कोड मशीनसाठी अक्षरांची एक लांबच लांब माळ असते, स्कॅनर ती एका टोकापासून वाचत जातो आणि तिचे तुकडे पाडतो, ह्या तुकड्यांना टोकन म्हणतात. मोंढ्यातल्या पट्टीचा हिशोब घ्या, एकूण = दर * क्विंटल - हमाली, ह्यात सात टोकनं आहेत, चार नावं आणि तीन चिन्हं. मधल्या मोकळ्या जागा आणि कॉमेंट बहुतेक भाषांत इथंच गळून पडतात, बाकीचं प्रत्येक टोकन त्याचा प्रकार आणि ओळ नंबर लावून पुढं पार्सरकडं, म्हणजे टोकनांची रचना तपासणाऱ्या टप्प्याकडं जातं. एरर कुठल्या ओळीत आहे हे जे कळतं ते ह्याच नंबरमुळं.

जुनी मोडी कागदपत्रं वाचणाऱ्याचं कामही असंच सुरू होतं. मोडीत आधी शिरोरेघ ओढून तिच्याखाली सलग लिहीत जायचे, दोन शब्दांत जागा सोडत नसत, त्यामुळं शब्द कुठं तोडायचा हे वाचणाऱ्यानंच ठरवायचं. २०२३ मधी मराठवाड्यात निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला मोडी आणि उर्दू जाणणारे लोक लागले होते. पण मोडी वाचणारा अर्थ लावून तोडतो, गावाचं नाव, आडनाव ओळखून, आणि स्कॅनरला अर्थ अजिबात कळत नाही, तो फक्त अक्षरांचा आकार बघतो. हा फरक एकदा डोक्यात बसला की पुढचं सगळं सोपं जातं.

आकार ओळखायचे नियम रेग्युलर एक्स्प्रेशनमधी, म्हणजे अक्षरांचे नमुने मांडायच्या खुणांत लिहितात आणि त्यातून फायनाइट ऑटोमेटन, म्हणजे एकेक अक्षर वाचून ठरलेल्या अवस्था बदलत जाणारं यंत्र बनवतात, ह्या ऑटोमेटनची थिअरी राबिन आणि स्कॉट ह्यांच्या १९५९ च्या पेपरात आहे. १९७५ मधी बेल लॅब्जमधी माइक लेस्क आणि एरिक श्मिट ह्यांनी लेक्स नावाचं टूल काढलं, नियम द्या आणि तयार स्कॅनर घ्या, नंतर त्याच धर्तीवर फ्लेक्स आलं.

सगळ्यात महत्त्वाचा नियम म्हणजे जमेल तेवढा लांब तुकडा घ्यायचा. म्हणून सी ह्या भाषेत (तिथं ++ म्हणजे किंमत एकानं वाढवा) क+++ख लिहिलं तर आधी ++ तुटतं आणि मग एकटा +. क+++++ख लिहिलं तर ++, ++, + असे तुकडे पडतात आणि कंपायलर एरर देतो, खरं तर क++ + ++ख असं तोडलं असतं तर चाललं असतं, पण मागं येऊन परत विचार करणं स्कॅनरचं काम नाही, जागा आपणच सोडायची. जुन्या फोरट्रान भाषेत तर मोकळ्या जागेला किंमतच नव्हती, डू १० आय = १,५ हा लूप (तेच काम परत परत करायची आज्ञा), आणि स्वल्पविरामाच्या जागी टिंब पडलं की डू१०आय नावाच्या व्हेरिएबलमधी (किंमत ठेवायच्या जागेत) १.५ ठेवलं जायचं! डू हा कीवर्ड, म्हणजे भाषेचा ठरलेला शब्द आहे का नावाचा भाग, हे कळायला पार स्वल्पविरामापर्यंत पुढं बघावं लागायचं. पायथनमधी उलटं आहे, तिथं ओळीच्या सुरुवातीची जागा वाढली किंवा कमी झाली की तिचंच टोकन बनतं.

आता आपल्या मराठीचं. पायथन ३ मधी देवनागरी नावं चालतात, दर२ हे नाव सुद्धा चालतं, पण नुसता ४५ हा आकडा देवनागरीत लिहिला तर एरर येते, कारण स्कॅनर आकडा म्हणून फक्त इंग्रजी अंक ओळखतो. अवतरणात टाकून इंट ह्या मजकुराचा आकडा करणाऱ्या फंक्शनला दिला तर मात्र बरोबर पंचेचाळीस मिळतात.

आणि शेतकऱ्याचा मधला ऱ्या! तो दोन तऱ्हेनं टाईप होतो, एक ऱ हे अक्षर घेऊन, दुसरा साधा र, हलंत आणि त्यापुढं झीरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं चिन्ह टाकून. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात. पायथन पहिला घेतो, दुसऱ्यावर एरर देतो. जावास्क्रिप्ट दोन्ही घेते पण दोन वेगळी नावं समजते, म्हणजे एका कीबोर्डवरून ठेवलेली किंमत दुसऱ्या कीबोर्डवरून टाईप केलेल्या नावात सापडतच नाही, आणि डोळ्यांनी कितीही बघा, फरक दिसत नाही. अशा वेळी ते नाव सगळीकडं पुसून एकाच कीबोर्डवरून परत टाईप करायचं.